सुतकातली फोडणी

स्वयंपाकघराची खिडकी मी आधी लावून घेतली, मग कडी घातली, आणि खालच्या फटीत ओलं फडकं कोंबलं. एवढा सगळा बंदोबस्त कशासाठी, तर पळीभर तेलात मोहरी टाकायची होती म्हणून.

भर दुपार होती. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर माझ्या नणंद वत्सलावन्सं हाताची उशी करून झोपल्या होत्या. मधल्या खोलीत सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. भेटायला येणारी माणसं ऊन उतरल्यावर येत, त्यामुळे दारात कुणाच्या चपला नव्हत्या. माझे मालक गेले त्याचा अजून दहावा व्हायचा होता. घरात सुतक होतं, आणि सुतकात फोडणी देत नाहीत हे आमच्या मुरगुडातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

पण टोपलीत भाकऱ्या साठल्या होत्या. गल्लीतल्या बायका रोज फडक्यात बांधून भाकऱ्या आणत आणि सोबत बिनफोडणीचं वरण. खाणारी आम्ही तिघी, आणि तिघींच्याही घशाखाली काही उतरत नव्हतं. उरलेल्या भाकऱ्या वाळून कडक झाल्या होत्या. त्या दुपारी मी त्यांतल्या दोन उचलल्या आणि बसल्या बसल्या कुस्करायला लागले. गाईला घालायच्या, असं मनाशी म्हणत होते. कुस्करता कुस्करता माझ्या हातांनी कांदा कधी घेतला ते मला कळलंच नाही.

तेल तापलं, मोहरी तडतडली. तो आवाज मला इतका मोठा वाटला की मी कढईवर झाकण दाबून धरलं. मग ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, मूठभर शेंगदाणे, हळद. त्यावर कुस्करा घालून पाण्याचा हबका मारला आणि वाफ आणली. भाकरी खाली जराशी लागू द्यायची असते. ते खरपूस तुकडे उलथन्यानं खरवडून काढायचे आणि आधी तेच खायचे. माहेरी शाळेला जायच्या आधी माझी आई रोज हेच करायची, आणि खरवड कुणाची यावरून आम्हा बहिणींची भांडणं लागायची.

लग्न होऊन या घरात आले आणि ते सगळं सुटलं. आमचे मालक हिंदुराव मटणाचे भोक्ते. बुधवार, शुक्रवार, रविवार हे तीन वार पक्के. मधल्या दिवसांत अंडी, नाहीतर सुकट. ताटात मेथी दिसली की म्हणायचे, "शेरडं बांधलीत काय घरात?" आणि स्वतःच खो खो हसायचे. माणूस वाईट नव्हता. पाण्याच्या पंपांच्या जळलेल्या मोटारींना तार गुंडाळून द्यायचं त्यांचं दुकान होतं. दिवसभर तिथं वाकून काम करायचे आणि घरी येताना पिशवी घेऊन यायचे. ती पिशवी माझ्या हातात देताना त्यांच्या तोंडावर जे दिसायचं, ते पाहून मला कधी "नको" म्हणवलं नाही. मटण मी नाक न मुरडता शिकले आणि असं करायला लागले की पाहुणे बोटं चाटायचे. फक्त मला ते कधी आवडलं नाही, एवढंच.

त्या दुपारी कढई पुढ्यात घेऊन, जमिनीवर उकिडवी बसून मी पहिला घास घेतला. काय सांगू! जिभेला पाणी सुटलं. दुसरा घेतला, तिसरा घेतला. चौथ्या घासाला मी डोळे मिटून घेतले होते. आणि मिटल्या डोळ्यांनीच माझ्या लक्षात आलं की मला बरं वाटतंय. नवरा गेलेली बाई मी, आणि मला इतकं बरं वाटत होतं की मी मांडी घालून नीट बसले होते. लाजेनं माझे कान तापले. तरी हात थांबला नाही. खरवड अजून राहिली होती.

"काय करालीस गं वैनी?"

वत्सलावन्सं दारात उभ्या होत्या. केस विस्कटलेले, डोळे रडून सुजलेले. माझ्या तोंडात घास होता. तो गिळता येईना आणि थुंकताही येईना.

"वासानं जाग आली मला," त्या म्हणाल्या. "म्हटलं शेजारनं येतोय जणू. फोडणी दिलीस? ह्या घरात?"

मी मान खाली घातली.

"खिडकीला फडकं लावून बसलीयास वर. म्हंजे कळत हुतं तुला. माझा भाऊ जाऊन दहा दिस न्हाई झालं गं! तुझ्या घशाखाली उतरलं तरी कसं?"

चांगलं उतरलं होतं, हेच खरं होतं.

तेवढ्यात त्यांच्या मागनं आत्याबाई आल्या. भिंत धरत धरत, पदर सावरत. त्यांनी कढईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग लेकीकडे.

"मीच सांगितलं तिला," आत्याबाई म्हणाल्या.

"आये, तू?"

"व्हय. भूक लागली मला." त्या माझ्याजवळ खाली बसल्या. गुडघे दुखायचे, त्यामुळे बसायला वेळ लागला. बसल्यावर कढई आपल्याकडे ओढली आणि लेकीच्या देखत घास घेतला. सावकाश चावला. "मिरची अजून जरा भाजू द्यायची हुती," मला म्हणाल्या.

वत्सलावन्संचा आवाज चढला. "तुझा पोटचा ल्योक गेला, आये! आनि तुला मिरचीचं सुचतंय?"

आत्याबाईंनी दुसरा घास घेतला. माझ्यासाठी ही म्हातारी स्वतःला लेकीपुढं उघडं पाडत होती, असंच मला वाटलं, आणि ते मला पाहवेना.

"वन्सं, त्या खोटं बोलत्यात," मी म्हटलं. "मी केली. मला खावीशी वाटली. त्यांना कायबी ठावं नव्हतं."

वन्सं दोघींकडे आळीपाळीनं पाहत राहिल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "मला जे कळायचं ते कळलं. बारावं झालं की मी आईला कागलला घेऊन जानार. जिला नवऱ्याचं एवढंसुदीक दुःख न्हाई, ती सासूला काय बगनार?"

असं ते एका कढईवरून ठरलं. आम्हाला मूलबाळ नव्हतं. आत्याबाई गेल्यावर त्या घरात मी एकटी राहणार होते, आणि लोक म्हणणार होते की सासूलासुद्धा हिच्याजवळ ठेवण्यात अर्थ नव्हता. आत्याबाईंचा आणि माझा फार बोलघेवडा कारभार कधीच नव्हता. पण चोवीस वर्षं आम्ही एका चुलीपाशी वावरलो होतो. त्यांचा खोकला, त्यांच्या बांगड्या, पहाटे तांब्या खाली ठेवल्याचा आवाज, हे सगळं आता कागलला जाणार होतं.

संध्याकाळी त्या एकट्या सापडल्या तेव्हा मी विचारलं, "आत्याबाई, माझ्यासाठी कशाला अंगावर ओढून घेतलंसा?"

"काय ओढून घ्यायचं त्यात," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे वळल्या. मला वाटलं, रागावल्यात.

पुढचे दिवस मी मान वर करून चालले नाही. वन्संनी गल्लीत उघड काही सांगितलं नाही. नुसतं एवढंच म्हणायच्या, "वैनीचं बरं हाय, जेवती ती." पण ते अशा सुरात म्हणायच्या की भेटायला आलेली बाई आधी माझ्या तोंडाकडे आणि मग माझ्या पोटाकडे बघायची. मी जेवण निम्म्यावर आणलं. रात्री भुकेनं झोप यायची नाही, आणि भूक लागते याचीच परत लाज वाटायची.

बारावं झालं. आमच्या भावकीत रीत अशी की त्यानंतर जवळच्या कुणीतरी मटण आणायचं, ते दुःखाच्या घरातच शिजवायचं आणि घरच्या बायकांना पहिल्यांदा वाढायचं. दुखवटा काढायचा म्हणतात. त्या ताटातलं खाल्लं की घर पुन्हा रांगेला लागलं. मटण वत्सलावन्संच्या मालकांनी आणलं. शिजवायला अर्थातच मी. चुलत सासरे आप्पा पायरीवरून ओरडले, "शालनच्या हातचंच होऊ द्या रं, हिंदूला तेच आवडायचं!" आणि स्वयंपाकघरात कांदा भाजता भाजता मला रडू आलं. तोवर मला असं भडभडून रडू आलं नव्हतं. वन्सं नेमक्या त्या वेळी तिथं नव्हत्या.

पंगत बसली. मधोमध आत्याबाई, त्यांच्या डाव्या अंगाला मी, उजवीकडे वन्सं. आप्पांनी स्वतःच्या हातानं वाढलं. आत्याबाईंच्या ताटात नळी, माझ्या ताटात काळीज.

हे त्यांनी पाहून ठेवलं होतं. आमचे मालक असंच करायचे. पातेल्यात पळी घालून शोधून शोधून काढायचे. "नळी आईची, काळीज शालनचं," म्हणायचे. बायकांनी मागनं जेवायचं असली रीत त्यांनी घरात ठेवलीच नव्हती, तिघं एका पंगतीला बसायचो. त्यांचं जेवण झटपट. हात धुवायला उठून ते मोरीकडे गेले की मी माझ्या ताटातले तुकडे अलगद आत्याबाईंच्या ताटात सारायची. काळीज, मग चांगला मऊ बघून एखादा तुकडा, मग आणखी एखादा. आत्याबाई माझ्याकडे बघायच्या, काही बोलायच्या नाहीत, खायच्या. माझं काम व्हायचं आणि म्हातारीची चंगळ व्हायची, असा माझा हिशोब होता. पुढं गल्लीत माझं नावच झालं. सून असावी तर शालनसारखी, आपल्या ताटातलं सासूच्या ताटात घालते. हे आत्याबाईंनीच कुठंतरी कौतुकानं सांगितलं होतं. मी ते कौतुक खुशाल घेत होते.

त्या दिवशीही सवयीनं हात गेला. आप्पा पुढं सरकले आणि मी काळीज उचलून आत्याबाईंच्या ताटात ठेवलं. या वेळी वन्संनी पाहिलं. त्यांचा चेहरा जरा सैल पडला. "एवढं तरी करतीस," त्या हळूच म्हणाल्या.

आत्याबाईंनी ताटाकडे पाहिलं. नळी, काळीज, वर तांबडा तवंग. बराच वेळ पाहिलं. मग दोन्ही हातांनी ताट पुढं सरकवलं.

"मला नको."

"आये, असं करू नगंस," वन्सं म्हणाल्या. "दुखवटा काढायचाय. घास तरी घे. दादाच्या आवडीचं हाय."

"त्येच्या आवडीचं हाय. माझ्या न्हाई."

पंगतीतल्या बायका थांबल्या. आप्पा हातात पळी घेऊन तसेच उभे राहिले.

"म्हंजे?"

"मला वशाट कधीच आवडलं न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, तांदूळ संपलेत सांगावं तसं सांगत होत्या. "लगीन करून आले तवा तुझ्या बाला रोज लागायचं. त्येच्यासाठी खाल्लं. मग हिंदू. दुडदुडायचा तवापासनं पयला तुकडा उचलून माझ्या तोंडात घालायचा. त्येला न्हाई कसं म्हनू? त्येच्यासाठी खाल्लं. आता त्यो बी न्हाई. आता मी कुनासाठी खाऊ?"

वन्संनी माझ्याकडे बोट केलं. "आनि वैनी घालती ते? तिच्या ताटातलं? तूच तर सांगत फिरायचीस!"

आत्याबाई माझ्याकडे वळल्या. पंगत सगळी माझ्याकडे वळली.

"ही पोर स्वतःच्या तोंडचं काढून मला घालायची," त्या म्हणाल्या. "एवढ्या मायेनं. नको म्हटलं असतं तर तिला काय वाटलं असतं? सासूसुनंचं आमचं तेवढंच तर बरं चाललं हुतं. म्हनून गिळायची. माझं मला, वर हिचं."

मला त्या घरात फरशी दुभंगून आत जावंसं वाटलं. चोवीस वर्षं, आठवड्यातनं तीन वार! मला नको असलेलं मी उचलून त्यांच्या पुढ्यात टाकत होते, आणि त्या माझी माया समजून ते घशाखाली ढकलत होत्या. वर मी शहाणी सून.

"आत्याबाई," मी म्हटलं, "मलाबी आवडत न्हाई."

"काय?"

"मटण. मला आवडत न्हाई. म्हनून घालायचे तुमच्या ताटात. मला वाटलं, तुमाला आवडतंय."

आत्याबाईंचं तोंड उघडंच राहिलं. आप्पांनी पळी पातेल्यात सोडून दिली. पंगतीच्या टोकाला कुणीतरी बाई फिस्सकन हसली आणि दुखवट्यात हसले म्हणून पदर तोंडात कोंबून बसली.

वन्संना मात्र हसू आलं नाही. त्या रडायला लागल्या. "माझा भाऊ पिशव्या भरभरून आनायचा," त्या म्हणाल्या. "दोगींना आवडतंय म्हनून आनायचा. मला अभिमानानं सांगायचा, आई नळी कशी चोखती, शालन काळीज कशी खाती. आनि तुमी दोगी!" त्यांचा राग खरा होता. मीही त्यांच्या जागी असते तर मला आलाच असता.

जेवणं कशीबशी उरकली. निघायच्या वेळी वन्संनी आईची पिशवी भरली. "चल, आये. तुला हवं ते करून घालीन मी. भाजी म्हन, भाकरी म्हन."

"तुझ्या घरी कुनी खातंय का भाजीभाकरी?" आत्याबाईंनी विचारलं. "तिथंबी तेच तीन वार. तुझा नवरा मला वाढनार, तू मला वाढनार. मी न्हाई म्हननार आनि तुमाला वाईट वाटनार. नको बाई. गिळायचं वय गेलं माझं आता." मग म्हणाल्या, "हिचं काय आनि माझं काय. ऱ्हाऊ दे मला हितंच."

वन्संनी पिशवी खाली ठेवली. जाताना त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. दारात मात्र थांबून एवढंच म्हणाल्या, "बग तिच्याकडं." पुढं वर्षभरानं त्या पुन्हा येऊ-जाऊ लागल्या, पण भावाचा विषय माझ्यासमोर त्यांनी परत काढला नाही.

सगळे गेल्यावर घर एकदम गप्प झालं. मटणाचं पातेलं मी शेजारी दिलं. आत्याबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसल्या.

"भाकरी हाय का गं शिळी?"

"हाय की."

"मग टाक फोडणीला. आनि मिरची नीट भाजू दे आज."

खिडकी उघडीच होती. मी कडीलाही हात लावला नाही. मोहरी तडतडली, लसणाचा वास पार पायरीपर्यंत गेला असेल. दोन ताटल्या घेतल्या, त्यांना वाढलं, मला वाढलं. खाली लागलेली खरवड उलथन्यानं काढली. चांगला खरपूस पोपडा निघाला. माझा हात आपोआप त्यांच्या ताटलीकडे गेला.

आत्याबाईंनी माझं मनगट धरलं. "आता ह्येबी आवडत न्हाई व्हय तुला?"

"आवडतंय."

"मग तुझं तू खा."

आम्ही खाल्लं. त्या सावकाश चावत होत्या, एकेक शेंगदाणा वेचून खात होत्या. बऱ्याच वेळानं मी विचारलं, कारण पंगतीपासून माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. "आत्याबाई, त्यांना आपन सांगितलं असतं, तर?"

"हिंदूला?" त्यांनी हातातला घास ताटलीत परत ठेवला. "काय केलं असतं त्यानं? दुसऱ्या दिवशी पिशवी भरून वांगी घेऊन आला असता. आनि कालवनातली देठं शोधून शोधून आपल्या दोगींच्या ताटात घातली असती."

मला वांग्याचं देठ फार आवडतं. हे त्यांना कुठून कळलं म्हणून मी वर पाहिलं, तर त्या पदरानं डोळे टिपत होत्या. देठ चोखायचं त्यांनाही फार आवडायचं, हे मला पुढं रोज एकत्र जेवताना कळलं.

मग आत्याबाईंनी ताटली पुन्हा पुढं ओढली आणि मीही ओढली. घास गार झाले होते. आम्ही दोघींनी ते खाल्ले.